फळ्यावरचं दुसरं नाव

"बाई, एक नाव तर पुसायचंय. त्याला एवढं काय आभाळ कोसळतंय?"

तात्या बशीत चहा ओतता ओतता म्हणाले. ते मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसले होते आणि मुख्याध्यापक चौगुले सर शेजारच्या स्टुलावर. तात्या गावचे सरपंच, शिवाय आमच्या शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. त्यामुळे ती खुर्ची नेमकी कुणाची, हा प्रश्न चौगुले सरांना कधी पडला नव्हता.

"मग सांगा की तिला," मी म्हणाले. "जिचं नाव आहे तिनं पुसलं तर मी कोण अडवणारी?"

"ती पोरगी ऐकंना, म्हणून तर तुमच्याकडं आलो."

"मग माझं तरी कशाला ऐकेल?"

"तुमचं ऐकंल. तुमीच घातलंय तिच्या डोक्यात."

हे मात्र खरं होतं. डोक्यात घालण्याचाच मला पगार मिळायचा.

करंजवळ्याच्या माध्यमिक शाळेत मी इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायची. मी मूळची सोलापूरची, लग्न न केलेली आणि तोंडाची फटकळ. आई म्हणायची, वसुधा जाईल तिथे आठवड्यात दोन भांडणं आणि चार मैत्रिणी करते. करंजवळ्यातही माझं तसंच बरं चाललं होतं. एकच दुखणं होतं, नागरिकशास्त्राचा तास. तो कायम शेवटचा. मुलं जेवून सुस्तावलेली, खिडकीतून ऊन आत आलेलं, आणि मी आपली मूलभूत हक्क घेऊन उभी. वर्षभरात मुलांचा मला एकच प्रश्न असायचा, "बाई, हे परीक्षेला येतं का?"

त्या वर्षी विद्यार्थी मंत्रिमंडळाचं काम माझ्याकडे आलं. तोवर मुख्याध्यापक प्रार्थनेनंतर नावं वाचून दाखवायचे आणि मुलं टाळ्या वाजवायची. झालं मंत्रिमंडळ! मी म्हटलं, छट्, असं नाही चालायचं. खरी निवडणूक घ्यायची. उमेदवारांनी व्हरांड्यातल्या फळ्यावर आपल्या हातानं नाव लिहायचं. शनिवारी बिस्किटाच्या डब्यात चिठ्ठ्या टाकून गुप्त मतदान. माघार घ्यायची असेल तर शुक्रवारी शेवटची घंटा व्हायच्या आत, आणि तीही आपल्या हातानं नाव पुसून. दुसऱ्यानं पुसलेलं पुसलं धरायचं नाही. उमेदवार का उभा राहिला आणि माघार का घेतो, हे कुणी विचारायचं नाही. तो त्याचा हक्क. आणि मत फक्त विद्यार्थ्यांना. शिक्षकांना नाही, शिपायांना नाही, कमिटीलाही नाही. हे सगळं मी मुलांना तीन-तीनदा घोकून सांगितलं होतं.

मुख्यमंत्रिपदासाठी पहिलं नाव आलं रणधीरचं. तात्यांचा पुतण्या. मुलगा वाईट नव्हता, वक्तृत्वात कायम पहिला. दुसरं नाव मालन कोळेकरचं.

मालन नववीतली, धनगरवस्तीवरची. वस्ती गावापासून लांब, माळ ओलांडून पलीकडे. तिथली मुलं सकाळी दुधाच्या किटल्या घेऊन निघायची, गावातल्या डेअरीत दूध घालायची आणि मग शाळेत यायची. डेअरीत आधी गावातल्यांचं दूध मापलं जायचं, मग यांचं. तोवर शाळेची प्रार्थना होऊन गेट बंद. गेटवर शिस्तमंत्री उभा. उशिरा आलेल्यांनी पहिला तास संपेपर्यंत बाहेर थांबायचं, हा नियम. रिकाम्या किटल्या घेऊन ती मुलं भिंतीला टेकून उभी असायची. पहिला तास गणिताचा.

एक दिवस मंत्रिमंडळाचे अधिकार शिकवताना मालननं हात वर केला. ती सहसा बोलायची नाही.

"बाई, मुख्यमंत्र्याला गेटचा नियम बदलता येतोय का?"

"मंत्रिमंडळानं ठराव केला तर येतो."

"आनि मुख्यमंत्री कुनीबी होऊ शकतंय?"

"मत मिळवणारं कुणीही."

ती खाली बसली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर रणधीरच्या नावाखाली तिचं नाव होतं. आठ वर्षांच्या नोकरीत नागरिकशास्त्राच्या तासाला परीक्षेबाहेरचा प्रश्न विचारणारी ती पहिली. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी स्वतःसाठी शिरा केला.

तर तात्या त्या नावासाठी आले होते.

"तात्या, पोरांचा खेळ आहे म्हणता ना? मग खेळू द्या."

"खेळातनंच लागतं, बाई." त्यांनी बशी खाली ठेवली. "तुमी बाहेरच्या. त्या साली तुमी न्हवता. ग्रामपंचायतीचं इलेक्शन लागलं आन् वरची आळी, खालची आळी एकमेकाच्या उरावर बसली. डोकी फुटली. कोर्टकचेऱ्या झाल्या. सख्ख्या भावांनी एकमेकाच्या दारातलं पाणी सोडलं. सात वर्षं या गावात जत्रा भरली न्हाई. शेवटी बिरोबाच्या देवळात बसून आमी भंडारा उचलून शपथ घेतली, की हितनं फुडं करंजवळ्यात मतदान न्हाई. सोसायटी असू द्या, डेअरी असू द्या, पंचायत असू द्या. सगळं बिनविरोध. बोर्ड वाचलाय न्हवं गावात शिरताना?"

वाचला होता. 'बिनविरोध करंजवळे आपले स्वागत करीत आहे.'

"मुख्यमंत्री वरच्या आळीचा, उपमुख्यमंत्री खालच्या आळीचा. दोन्हीकडची माणसं खूश हायती. पोरगीला काय पायजे? आरोग्यमंत्री करू. गेटचं म्हणत आसंल तर गेटचं करू. आत्ता सांगतो शिपायाला. पर नाव पुसायला सांगा."

चौगुले सर स्टुलावरून माझ्याकडे बघत होते. भला माणूस. त्यांचे डोळे म्हणत होते, बाई, हो म्हणा आणि सोडवा मला.

मला तात्यांचं पटलं नाही असं नाही. माझ्या घरमालकीण आक्का, त्यांचा भाऊ त्याच मारामारीत लंगडा झालेला. मी ते रोज बघत होते. पण शनिवारी मतदान आहे असं मी चारशे मुलांना सांगून बसले होते.

"तात्या, मी शिक्षिका आहे. वर्गात एक शिकवायचं आणि व्हरांड्यात दुसरं, असं माझ्याच्यानं होणार नाही. मालननं स्वतः पुसलं तर ठीक. नाहीतर शनिवारी मतदान."

तात्या रागावले नाहीत. उठले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "बघा बाई. गाव लई मोठं असतंय."

मधल्या सुट्टीत मी मालनला बोलावलं. म्हटलं, गेटचं काम निवडणूक न लढवता होतंय, तुला काय वाटतं ते तूच ठरव. मी काही सांगणार नाही.

तिनं फार विचार केला नाही. "मागून घेतल्यालं उद्या काढून घेत्यात, बाई. मतानं आलेलं कसं काढतील?"

"एक वर्षानं तेही जातं, बरं का."

"वर्सभर तर ऱ्हातंय."

मी हसले. मग म्हटलं, "हरशील कदाचित."

"हरू की," ती म्हणाली. "किती जणं हायती आमच्या बाजूनं, ते तर कळंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर तिचं नाव नव्हतं. ओल्या फडक्यानं पुसलेलं होतं, पुसल्याचे फराटे दिसत होते. मी मालनला गाठून विचारलं. ती म्हणाली, म्या न्हाई. मी तिच्या हातात खडू दिला आणि ती पुन्हा नाव लिहून गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसलेलं. पुन्हा लिहिलं. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या सांगण्यावरून अक्षर दुप्पट मोठं काढलं. चौगुले सर तिथून जाताना फळ्याकडे न बघता गेले.

स्टाफरूममध्ये आम्ही सहा-सात जण गोल करून जेवायचो. कुणाची मेथी, कुणाचा झुणका, मी आणलेली शेंगाचटणी तर सगळ्यांच्या आधी संपायची. नाव पहिल्यांदा पुसलं गेलं त्या दिवशी मी हात धुऊन आले तर गोल नव्हता. कुणी वर्गात वह्या तपासत जेवत होतं, कुणी घरी गेलं होतं. आमच्या विज्ञानाच्या बाई, ज्यांच्याशी मी दिवसातून एकदा तरी भांडायची, त्या कपाटाकडे तोंड करून घाईघाईनं डबा आवरत होत्या.

"अहो, आज काय एकादशी आहे का?" मी म्हटलं.

"नाही, जरा काम होतं," म्हणाल्या आणि गेल्या.

बहिष्कार? छे हो! तसं कुणी म्हटलं असतं तर सगळे कानावर हात ठेवून म्हणाले असते, काहीतरीच काय! कुणी वाईट शब्द बोललं नाही, कुणी दार आपटलं नाही. नुसतं बोलायचं थांबलं. वाण्याच्या दुकानात मी गेले की गप्पा बंद व्हायच्या, आणि मी निघाले की मागे पुन्हा सुरू झालेल्या ऐकू यायच्या. पिठाच्या गिरणीत डबा ठेवला तर मुकाट्यानं दळून मिळायचा. एरवी तो गिरणीवाला 'काय बाई, आज कुनाला रडवलं?' असं विचारल्याशिवाय डबा हातात द्यायचा नाही.

आक्का माझ्या खोलीच्या पलीकडे राहायच्या, मधे एक अंगण. रोज संध्याकाळी त्या भाजीची वाटी घेऊन यायच्या आणि तासभर बसून उठायच्या. बुधवारी आल्या नाहीत. गुरुवारीही नाही. मी न राहवून त्यांच्या दारात गेले.

"आक्का, माझं काही चुकलं का?"

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही.

"तुमी शिकल्याली मानसं. तुमाला काय सांगावं." मग सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. "आमच्या दादाचा पाय बगताय न्हवं रोज? मतं मोजाय लागलं की मानसं फुटत्यात, बाई. मग ती न्हाई पुन्हा सांधली जात."

"आक्का, पोरांची निवडणूक आहे हो."

"प्वारंच मोठी हुत्यात की."

मी दारातच उभी राहिले. बस म्हणतील असं वाटलं. त्या म्हणाल्या नाहीत.

मला माणसांशिवाय जमत नाही. एकटीच राहायची मी, पण एकटी नव्हते कधी. फटकळ माणसाला भांडायला तरी समोर कुणी लागतं. त्या तीन-चार दिवसांत मी स्टोव्हशी बोलायला लागले. खरंच सांगते. 'पेट की मेल्या' इथपासून सुरुवात झाली, ती 'तुला तरी पटतंय का माझं' इथपर्यंत आली. रेडिओवर बातम्या सांगणाऱ्या बाईंना मी उत्तरं द्यायची. रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता. चाळिशीची बाई, आणि भाजीची वाटी आली नाही म्हणून रडते! पण ते वाटीचं नव्हतं. ज्या गावात आपण आपल्या आहोत असं वाटत होतं, तिथे आपण तात्या म्हणाले तशा बाहेरच्याच होतो.

एकदाच मनात आलं की मालनला बोलवावं आणि म्हणावं, बाळा, पुस ते नाव. मी ते मनातच ठेवलं.

मधल्या सुट्टीत मी स्टाफरूमच्या खिडकीत बसून एकटी जेवायला लागले. समोर मैदान, मैदानापलीकडे कडुलिंब, आणि त्याखाली वस्तीची मुलं भाकरी खायला बसायची. मालन तिथून खिडकीकडे बघायची. तिला बरं वाटावं म्हणून मी मजेत जेवत असल्यासारखं करायची. एकदा तर हातही हलवला. तिनं हात हलवला नाही, नुसती बघत राहिली.

शुक्रवारी शेवटचा तास माझाच होता, नववीवर. मी मतदान कसं करायचं ते पुन्हा सांगितलं. चिठ्ठी कशी घडी करायची, कुणाला दाखवायची नाही, मत कुणाला दिलं हे मित्रालाही सांगायचं नाही. "डब्यात काय पडलं ते फक्त डब्याला माहीत," मी म्हटलं. एरवी अशा वाक्याला मुलं खुदखुदतात. कुणी हसलं नाही. घंटेला थोडा वेळ होता, तेव्हा मी सगळ्यांना बाहेर मैदानावर सोडलं आणि व्हरांड्यात आले.

मालन फळ्यापाशी उभी होती. तिच्या हातात डस्टर होतं.

"काय गं?"

"माघार घ्याय आलीया, बाई."

पहिला विचार डेअरीचा आला. "तुझ्या बापाचं दूध नाकारलं का डेअरीत? खरं सांग. मी बघते एकेकाला."

"न्हाई."

"घरी कुणी आलं होतं? तात्या? कुणी धमकी दिली?"

"न्हाई ओ. आबा तर म्हनला, हुबी ऱ्हा."

"मग?"

तिनं फळ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बरं. मीच नियम केलाय, का ते विचारायचं नाही. पण मालन, आता उद्यावर मतदान आलंय."

"तुमच्याशी कोन बोलत न्हाई," ती म्हणाली.

मी मैदानाकडे बघायला लागले.

"शिपाई मामा बी बोलत न्हाईत. खिडकीत एकल्या जेवताय. आमी बगतो की रोज." ती डस्टरवरचा खडू अंगठ्यानं खरवडत होती. "आमाला सवय हाय, बाई. वस्तीवरच्यांशी असं बी कोन बोलतंय? तुमाला सवय न्हाई."

"अगं, माझी काळजी तू कशाला करतेस? मी मोठी आहे, मी बघून घेईन. चार दिवसांनी सगळं विसरतील."

"न्हाई इसरत. आक्कांचा भाऊ लंगडतोया त्याला किती वर्सं झाली?"

"आणि गेटचं काय? मागून घेतलेलं काढून घेतात, तूच म्हणालीस ना?"

"घेऊ द्यात. घेतल्यावर बगू."

"मालन, ऐक. मला खरंच काही..." मी थांबले. मला काही होत नाही, असं म्हणायचं होतं, पण ते त्या पोरीसमोर खोटं बोलता आलं नाही.

"कारन इचारायचं न्हाई म्हनून तुमीच सांगितलंय," ती म्हणाली, आणि वळली. तिनं आपलं नाव पुसलं. मोठं अक्षर होतं, दोनदा हात फिरवावा लागला. मग डस्टर जागेवर ठेवलं आणि हात झटकले. घंटा व्हायला अजून अवकाश होता. माघार नियमात बसत होती. मी नाकारू शकत नव्हते.

शनिवारी मतदान झालं नाही, सत्कार झाला.

गावात बातमी रात्रीतच पोचली होती. सकाळी मैदानावर मंडप. रणधीरला खांद्यावर घेऊन पोरं नाचली, हलगी लागली, गुलालानं शाळेचा व्हरांडा लाल झाला. दोन्ही आळ्यांची माणसं एका सतरंजीवर बसली होती. आक्काही आल्या होत्या, भावाला घेऊन. मला बघून त्यांनी हात जोडले आणि डोळ्यांना पदर लावला. ते खोटं नव्हतं. त्या गावाला खरोखर सुटल्यासारखं झालं होतं.

तात्यांनी माईक घेतला. "आमच्या बाई बाहेरच्या न्हाईत. बाई करंजवळ्याच्या हायत. बाईंनी गावाचा सबूद राखला. आता आपली शाळा बी बिनविरोध!" टाळ्या पडल्या. "आनि आजपासनं वस्तीवरच्या पोरांना गेटबाहेर हुबं करायचं न्हाई. हे मी शाळेला सांगतोय. कुनी मागायची गरज न्हाई, आमचं आमाला कळतंय."

पुन्हा टाळ्या. मग त्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. विज्ञानाच्या बाई पुढे येऊन कानात म्हणाल्या, "सोमवारी शेंगाचटणी आणा हं, तोंडाची चवच गेली होती." चौगुले सर म्हणाले, "बाई, दोन शब्द बोला." आयुष्यात मला कुणी दोन शब्द बोला म्हटलं आणि मी दोनावर थांबले, असं पहिल्यांदाच झालं. मी म्हटलं, "आभारी आहे." आणि खाली बसले.

मालन मुलींच्या रांगेत होती. सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती.

कार्यक्रम संपला. माणसं चहापाण्याला मुख्याध्यापकांच्या खोलीकडे निघाली. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसून राहिले. श्रावणातलं ऊन आणि अंगावर ती लोकरी शाल, जीव गुदमरत होता, पण काढायचं सुचलं नाही. आतून हसण्या-बोलण्याचा आवाज येत होता. मैदान रिकामं झालं तशी मालन समोर येऊन उभी राहिली.

"घरी नाही गेलीस?"

"जातो आता." जरा थांबून म्हणाली, "बाई, एक इचारू?"

"विचार की."

"मतदान झालं असतं तर मला किती पडली असती?"

मी तिच्याकडे बघितलं. ती हसत नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"एक तर नक्की पडलं असतं."

"माजं सोडून ओ."

मी नववीचा वर्ग डोळ्यांपुढे आणला. मग आठवी, मग दहावी. तिच्या बाकावर बसणारी शकू, ती तर सकाळी गुलालात नाचत होती. पण म्हणून काय झालं, चिठ्ठीवर तिनं काय लिहिलं असतं कुणास ठाऊक. रोज सकाळी ते नाव पुसणारा हातही आमच्याच एखाद्या मुलाचा असेल, आणि त्यानंही डब्यापाशी एकटं उभं राहिल्यावर मालनलाच मत दिलं असतं. किंवा कुणीच दिलं नसतं. वस्तीची मुलंसुद्धा घाबरली असती. चारशे चेहऱ्यांतला एकही चेहरा मला नक्की म्हणून धरता येईना. आज मी निवृत्त होऊन सोलापुरात राहते, तरी कधी कधी झोप लागेना झाली की ते चेहरे घेऊन बसते, आणि अजूनही एकही धरता येत नाही.

"माझं पडलं असतं," मी म्हणाले.

"तुमाला कुठं मत हाय?" आता ती हसली. "तुमीच सांगितलंय की. शिक्षकांना मत न्हाई."

"हो गं. नाही."

"मंग ऱ्हाऊ द्या. नुसतं इचारलं." ती उगाच पायानं गुलाल सारत उभी राहिली, मग म्हणाली, "येतो, बाई," आणि माळाच्या वाटेनं चालायला लागली. वस्तीची बाकीची मुलं केव्हाच पुढे गेली होती.

आतून चौगुले सरांनी हाक मारली, "बाई, या की! पेढ्यांचा पुडा फोडलाय, सगळे तुमच्यासाठी थांबलेत."

"आले, आले," मी म्हटलं.

ती माळावर दिसेनाशी होईपर्यंत माझ्यानं उठवलं नाही.